ब्रिज पिकअपचा टोचरा आवाज : झाडीपट्टीच्या नाटकातल्या एका गिटारचे प्रकरण

गाव गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशापासून तासाभरावर, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतले, म्हणजे धानाच्या पट्ट्यातले. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा, शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभराचे नाटक. रंगमंचासमोर बसलेल्या वादकांत ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि एक इलेक्ट्रिक गिटार. या नाटकात गिटारचे काम थोडे, पण उघडे होते. खलनायकाच्या प्रवेशाला तीन-चार कडक सूर, नाचाच्या गाण्यात ठेक्यावर तोडून वाजवायचे कॉर्ड, आणि दुसऱ्या अंकातल्या गाण्याच्या मध्ये आठ मात्रांचा एकट्याचा तुकडा. ही तिन्ही कामे ब्रिज पिकअपचीच आहेत, आणि नेमकी तिथेच तक्रार होती. (पिकअप म्हणजे तारेची हालचाल विजेत बदलणारी, तारांखालची चुंबक-कॉइल. ब्रिज म्हणजे गिटारच्या अंगावर तारा टेकतात ती जागा, नेक म्हणजे मानेकडची बाजू.)

साउंडवाल्याचे म्हणणे एका वाक्याचे: "गिटार कानाले टोचून रायली भाऊ, थोडी खाली घ्या." खाली घेतली की ऑर्गन आणि ऑक्टोपॅडखाली गिटार गायब. वर घेतली की पुढच्या रांगेतली माणसे कान झाकत. वादकाने मग स्विच नेक पिकअपवर ठेवून तीन प्रयोग काढले. टोचणे थांबले, पण नेक पिकअपचा जाड आवाज आणि ऑर्गनचे मधले सप्तक एकमेकांत कालवले गेले. ब्रिजवर असताना टोनचे दोन्ही नॉब शून्यावर नेले तरी फरक पडत नाही, म्हणून नॉब खराब झाले असावेत असा त्याचा समज होता. नवा पिकअप मागवायचे जवळपास ठरले होते.

पिकअप मागवण्याआधी एक दुपार तपासणीला दिली. नाटक रात्री दहाला, मंडप सकाळी अकरा वाजताच उभा झालेला, त्यामुळे प्रत्यक्ष बॉक्सवर, प्रयोगाच्या आवाजात ऐकायला पाच-सहा तास मिळाले. खोलीत, हळू आवाजात ब्रिज पिकअपची परीक्षा करून उपयोग नाही. हळू आवाजात कानाला खर्ज कमी आणि तीक्ष्ण सूर मऊ वाटतात, म्हणून माणूस ट्रेबल वाढवत नेतो, आणि तीच मांडणी मंडपात गेली की टोचते.

हातात काय होते

स्ट्रॅटच्या आकाराची स्वस्त गिटार. तीन सिंगल कॉइल पिकअप, पाच जागांचा स्विच, एक व्हॉल्यूम, दोन टोन. पिकअपमध्ये पोलादी खुंट्या आणि खाली चिकटवलेली सिरॅमिक चुंबकाची पट्टी. तारा ९–४२ मापाच्या (बारीक ते जाड, इंचाच्या हजाराव्या भागात), दीड महिना जुन्या, बारीक तारांवर गंजाचे ठिपके. तिथून ६ मीटरची केबल डिस्टॉर्शन पेडलमध्ये (आवाज मुद्दाम फाटका करणारी पायाने दाबायची डबी), पेडलमधून थेट मिक्सरमध्ये, पुढे १५ इंची स्पीकर आणि वर हॉर्न (तीक्ष्ण सुरांचा कर्णा) असलेले बॉक्स. पेडलवर गेन (आवाज किती फाडायचा तो नॉब) जवळजवळ पूर्ण, टोन दोन वाजल्याच्या दिशेला.

आधी विजेची बाजू तपासली, कारण तुटलेल्या कॉइलचा आवाजही पातळ आणि टोचराच येतो. गिटार उघडायची गरज नव्हती. केबल गिटारमध्ये, व्हॉल्यूम पूर्ण, आणि केबलच्या दुसऱ्या पिनेच्या टोकाला व अंगाला मल्टिमीटरच्या दोन पिना. नेक ५.८, मधला ५.७, ब्रिज ६ किलोओहम. मधल्या दोन जागांवर, म्हणजे दोन पिकअप एकत्र असताना, सुमारे २.९. दोन कॉइल समांतर जोडल्या की रोध निम्मा व्हायलाच हवा, त्यामुळे तिन्ही कॉइल धड आहेत आणि स्विचही लागतो आहे हे कळले. ब्रिज जागेवर लाखाच्या घरातला आकडा आला असता तर कॉइल तुटलेली समजायची, कारण तेव्हा मीटरला फक्त व्हॉल्यूम पॉट (नॉबखालचा फिरता रोधक) दिसतो. मात्र या आकड्यावरून आवाज कसा असेल ते ठरत नाही. "जास्त किलोओहम म्हणजे जाड आवाज" हा हिशेब दुकानात फार चालतो, पण तो धरून पिकअप घेऊ नये.

एक नाव, तीन दोष

"टोचते" या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी अडकल्या होत्या. त्या सुट्या केल्यावरच काम पुढे सरकले.

पहिली गोष्ट पातळपणा. ब्रिज पिकअपची जागाच तशी आहे. या गिटारची तार नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजपर्यंत ६४८ मिलिमीटर, आणि ब्रिज पिकअप ब्रिजपासून साधारण ४० मिलिमीटरवर. मोकळ्या तारेचा मूळ सूर मध्यावर जितका हेलकावतो, त्याच्या जेमतेम १९ टक्के हालचाल या जागी असते. नेक पिकअप तारेच्या एक चतुर्थांशावर, तिथे हीच हालचाल ७१ टक्के. उलट चौथ्या उपस्वराची (मूळ सुराच्या चौपट कंपनाच्या सुराची) हालचाल ब्रिजपाशी त्याच्या कमाल हालचालीच्या ७० टक्के, आणि नेक पिकअपच्या जागी शून्य. म्हणजे ब्रिज पिकअपला मूळ सूर कमी आणि वरचे उपस्वर भरपूर मिळतात. हा पिकअपचा दोष नाही. ऑर्गनच्या गर्दीतून गिटार ऐकू येते ती याच उपस्वरांमुळे, म्हणून ते सगळे मारून टाकले तर ब्रिज पिकअप वापरण्यात काही अर्थ उरत नाही.

दुसरी गोष्ट खरे टोचणे, म्हणजे २ ते ५ किलोहर्ट्झमधला जोर. कान याच पट्ट्यात सगळ्यात हळवा असतो. पिकअपची कॉइल आणि केबलची धारिता (वीज साठवण्याची क्षमता) मिळून एक शिखर तयार करतात, म्हणजे एका ठिकाणचे सूर जास्त उठतात, आणि ते बहुधा इथेच येते.

तिसरी गोष्ट चरचर. तापल्या तेलात पाण्याचा थेंब पडावा तसा, प्रत्येक सुराच्या मागे लागलेला आवाज. हा ५ किलोहर्ट्झच्या वरचा, आणि त्याचा पिकअपशी फारच थोडा संबंध.

चरचर : पेडल आणि हॉर्न

सगळ्यात मोठा फरक इथे पडला, आणि त्यासाठी गिटारला हात लावावा लागला नाही.

मंडळीकडे सरावाचा १५ वॉटचा गिटार अँप होता, ८ इंची स्पीकरचा. प्रयोगाला तो कोणी आणत नसे, कारण एवढ्या मैदानाला तो काय पुरणार. तीच गिटार, तेच पेडल, तीच केबल त्यात लावली. आवाज तीक्ष्ण होता, थोडा पातळही होता, पण चरचर पूर्ण गेली. पेडल मिक्सरमध्ये लावले की चरचर परत.

कारण साधे आहे. गिटारचा स्पीकर कागदी कोनाचा, बिनट्वीटरचा असतो, आणि साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर त्याचा आवाज झपाट्याने पडतो. डिस्टॉर्शन पेडल बनवणाऱ्याने हे गृहीत धरलेले असते. पेडल सुराची टोके कापते, त्यातून १०–१५ किलोहर्ट्झपर्यंत उपस्वर तयार होतात, आणि पुढचा स्पीकर ते गाळून टाकतो. मंडपातल्या बॉक्सचा हॉर्न मात्र नटाचे "स" आणि "श" शेवटच्या रांगेपर्यंत पोचवण्यासाठी असतो. त्याला हे उपस्वर मिळाले की तो तेही शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतो. ब्रिज पिकअपमध्ये मुळातच उपस्वर जास्त, त्यावर पूर्ण गेन, आणि पुढे गाळणी नाही.

उपाय तीन होते.

साउंडवाल्याने आधी मुख्य ग्राफिक इक्वलायझरवर ६.३ किलोहर्ट्झपासून वरच्या पट्ट्या ओढून पाहिल्या. गिटार सुधारली, पण नटांचे संवाद घोंगडीतून आल्यासारखे झाले. एका वाद्यासाठी मुख्य इक्वलायझरला हात लावू नये. गिटारच्या चॅनलला इन्सर्टची (मध्येच दुसरे यंत्र जोडायची) सोय असेल आणि एक जादा इक्वलायझर असेल, तर तो फक्त त्या चॅनलमध्ये टाकून हेच करता येते. डिजिटल मिक्सर असेल तर चॅनलचा लो-पास (वरचे सूर गाळणारी गाळणी) ५ ते ५.५ किलोहर्ट्झला लावला की काम होते. इथे दोन्ही नव्हते.

दुसरा उपाय स्पीकरची नक्कल करणारे मल्टिइफेक्ट (एकाच डबीत अनेक पेडलांची कामे करणारे यंत्र). अनेकांकडे ते असते, पण आउटपुटची निवड "अँप"वर राहिलेली असते आणि नक्कल बंद असते. मिक्सरला जोडताना ती "लाइन" किंवा "डायरेक्ट"वर हवी. या वादकाकडे साधे पेडलच होते.

तिसरा उपाय वापरला: अँप आणि माइक. अँप वादकाच्या मागे, प्लास्टिकच्या खुर्चीवर, तोंड रंगमंचाच्या बॉक्सपासून उलट दिशेला. जमिनीवर ठेवला तर मातीला चिकटून खर्ज घुमतो आणि रात्री दवही लागते. गाण्यासाठी वापरतात तोच साधा डायनॅमिक माइक अँपच्या जाळीपासून ३ सेंटिमीटरवर. जाळीवर टॉर्च मारली की आतला कोन दिसतो, मधोमध एक लहान घुमट. माइक घुमटाच्या बरोबर समोर ठेवला तर आवाज पुन्हा कडक येतो. कोनाच्या कडेकडे नेला तर मऊ होतो, अगदी कडेला मळकट. घुमटाची कड जिथे संपते तिथून २ सेंटिमीटर बाहेर जागा सापडली, आणि जाळीवर खडूने खूण केली. इथे १ सेंटिमीटरचा फरक मिक्सरवरच्या ट्रेबलच्या चतुर्थांश फेऱ्याइतका ऐकू येतो, म्हणून खूण हवीच. माइकचे स्टँड अंधारात कोणाच्या तरी पायाला लागणारच.

अँप स्वच्छ चॅनलवर, आवाज ४ वर, बास ६, मिडल ६, ट्रेबल ४. मिक्सरवर त्या माइकचे १०० हर्ट्झचे लो-कट बटण (त्याखालचे सूर कापणारे) दाबले, नाहीतर शेजारच्या तबल्याचा डग्गा या माइकमध्ये शिरतो. गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा मूळ सूर ८२ हर्ट्झचा असला तरी ब्रिज पिकअपवर तो आधीच नावापुरता असतो, त्यामुळे काही गमावले नाही. अँपच्या हेडफोनच्या भोकातून मिक्सरला वायर न्यायची सूचना आली होती. काही अँपमध्ये त्या वाटेवर गाळणी असते, काहींत नसते. या अँपमध्ये नव्हती, चरचर तशीच आली.

पेडलचा गेन मग निम्म्याखाली आणला, अकरा वाजल्याच्या दिशेला, आणि लेव्हल वाढवली. मंडपाच्या आवाजात कमी गेनही पुरतो. जास्त गेनमध्ये कॉर्डचे सूर एकमेकांना चिरडतात, आणि नाचाच्या ठेक्यावर तोडलेला कॉर्ड तुटल्यासारखा वाटतच नाही.

पिकअपची उंची

आता गिटार. सगळ्यात शेवटच्या फ्रेटवर तार दाबून, पोलादी खुंटीपासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांच्या पोलादी पट्टीने मोजले. बारीक तारेखाली अंदाजे १.२, जाड तारेखाली १.३ मिलिमीटर. कोणीतरी आवाज वाढावा म्हणून पिकअप वर उचलला होता. तार इतक्या जवळून गेली की पिकचा पहिला ठोका फार मोठा येतो आणि मागचा सूर त्या मानाने लहान. ऐकणाऱ्याला ठोकाच ऐकू येतो, आणि गिटार टोचते. खुंट्याच चुंबकाच्या असलेल्या पिकअपमध्ये याहून वाईट होते: चुंबक तारेला ओढून धरते, वरच्या फ्रेटवर सूर डगमगतो आणि ट्यूनिंग बिघडल्यासारखे वाटते.

बारीक तारेकडून २, जाड तारेकडून २.४ मिलिमीटर, ही सुरुवात. स्क्रूचा एक पूर्ण फेरा म्हणजे अर्धा ते पाऊण मिलिमीटर, म्हणून अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने जायचे आणि दर वेळी तोच सूर, त्याच जोराने वाजवून ऐकायचा. स्क्रू फार सैल केला तर पिकअप स्प्रिंगसकट आत पडतो आणि मग पिकअप आणि नॉब बसवलेली सगळी पाटी उघडावी लागते. फार खाली नेण्यातही फायदा नाही. ३.५ मिलिमीटरच्या पुढे तारेचा आवाज घटत जातो पण गुणगुण तेवढीच राहते, कारण ती कॉइल हवेतून पकडते, तारेकडून नाही.

ब्रिज खाली आल्यावर नेक पिकअप त्याच्या दुप्पट जोराचा वाटू लागला. बहुतेक जण इथे ब्रिज पुन्हा वर करतात आणि पहिल्या जागी येतात. योग्य वाट म्हणजे बाकीचे दोन आणखी खाली नेणे. मिक्सरच्या चॅनलचे दिवे पाहत नेक आणि मधला खाली आणले. तिसऱ्या तारेवरचा एकच सूर, एकाच जोराने, तिन्ही पिकअपवर त्याच दिव्यापर्यंत जाईल इतके. नेक शेवटी ३.२ मिलिमीटरवर स्थिरावला. कमी झालेला एकूण आवाज मिक्सरवर भरून काढला.

टोनचा नॉब चालत का नव्हता

नॉब खराब नव्हते. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली तेव्हा तिच्या वायरिंगमध्ये एक टोन नेकसाठी आणि दुसरा मधल्या पिकअपसाठी होता. ब्रिजला टोन नव्हताच. नकला करणाऱ्यांनी तीच वायरिंग उचलली, आणि आजही असंख्य गिटारी तशाच येतात. सगळ्यात तीक्ष्ण पिकअपला लगाम नाही, हे कळल्याशिवाय माणूस पेडल, केबल, अँप सगळे बदलत बसतो.

दुरुस्ती एका दीड सेंटिमीटर वायरची आहे. तारा सैल करून पाटी उचलली. स्विचचे दोन भाग असतात. एका भागात तीन पिकअपच्या वायरी तीन पायांवर येतात आणि चौथा पाय व्हॉल्यूम पॉटकडे जातो. दुसऱ्या भागाचा सामाईक पाय त्या चौथ्या पायाला जोडलेला असतो, आणि उरलेल्या तिघांपैकी दोनांवरून टोन पॉटकडे वायरी निघतात. तिसरा, ब्रिजच्या जागेचा पाय, मोकळा. तो आणि मधल्या पिकअपच्या टोनचा पाय यांच्यात वायर टाकली की दुसरा टोन नॉब मधल्या आणि ब्रिज दोघांना चालतो. स्वस्त गिटारीत स्विच डबीसारखा बंद असतो आणि आठ पाय एका ओळीत. पायांचा क्रम प्रत्येक बनावटीत वेगळा, म्हणून चित्रावर विसंबू नये. मल्टिमीटर बीपवर ठेवून, स्विच एकेका जागी हलवत, कोणता पाय कोणाला भिडतो ते कागदावर उतरवून मगच डाग (सोल्डर) द्यावा. डबीचे अंग प्लास्टिकचे. २५ वॉटची कावी (सोल्डरिंग आयर्न), तीन सेकंदांहून जास्त नाही, नाहीतर आतली पट्टी वाकडी होते आणि स्विच कायमचा खरखरतो.

पाटी उघडलीच होती म्हणून आणखी दोन गोष्टी पाहिल्या. टोनचा कपॅसिटर ४७३ लिहिलेला, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड. त्याजागी २२३, म्हणजे ०.०२२ घातला. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात तो काही रुपयांत मिळतो. मोठ्या कपॅसिटरने टोन पूर्ण बंद केल्यावर सगळे गढूळ होते, छोट्याने नॉबच्या खालच्या भागालाही उपयोगाचा आवाज राहतो. दोन्ही टोन नॉब एकच कपॅसिटर वापरतात, त्यामुळे बदल नेकलाही लागू झाला, तो चांगलाच ठरला.

दुसरी गोष्ट पॉट. त्यावर बी २५०के छापलेले. बी म्हणजे सरळ चढीचा पॉट. टोनचा खरा परिणाम रोध ५० किलोओहमच्या खाली उतरल्यावर जाणवू लागतो, आणि सरळ चढीच्या पॉटमध्ये तो टप्पा १० पैकी शेवटच्या दोन आकड्यांत येतो. १० ते २ काहीच नाही, मग एकदम पडदा. ए २५०के, म्हणजे लॉग पॉट घातला की तोच बदल नॉबच्या मधल्या भागात पसरतो. घेताना जुना पॉट सोबत न्यावा. स्वस्त गिटारींचे भोक लहान असते, मोठा पॉट बसत नाही, आणि दांड्याचे दाते वेगळे असले की जुना नॉबही चढत नाही. पॉटच्या पाठीवर अर्थचा डाग द्यायला २५ वॉटची कावी पुरत नाही. पाठ पॉलिश पेपरने घासून, ६० वॉटच्या जाड टोकाने तीन-चार सेकंदांत डाग बसला पाहिजे. चमक नसलेला, दाणेदार डाग निघाला तर तो थंड डाग. तो आज धरतो आणि गाडीच्या हादऱ्याने आठवड्यात सुटतो. नाटक मंडळीची गिटार रोज रात्री गाडीत असते.

जोडणी झाल्यावर पाटी बसवण्याआधी तपासले: केबल लावून स्विच ब्रिजवर, बारीक स्क्रू ड्रायव्हरने ब्रिजच्या खुंटीला हलकेच टकटक, आणि दुसरा टोन फिरवताना टकटकीचा आवाज बदलतो का. बदलला.

टोन ७ वर ठेवला तेव्हा वरची धार गेली नाही, फक्त शिखर बसले. ही टोन नॉबची खरी जागा. १० पासून थोडे खाली येताना आधी शिखर सपाट होते, तीक्ष्ण सूर कापले जातात ते नंतर. टोन म्हणजे आवाज मळका करण्याचा नॉब अशी समजूत ज्यांची असेल, त्यांनी ८ ते ६ मध्ये कान देऊन बसावे.

करून पाहिले आणि काढून टाकले

पिकअपला समांतर छोटा कपॅसिटर लावून शिखर खाली आणायची युक्ती बरीच सांगितली जाते. हिशेब असा: कॉइलचा इंडक्टन्स २.५ हेन्री धरला, केबल मीटरला १०० पिकोफॅरड, म्हणजे ६ मीटरला ६००, आणि कॉइलची स्वतःची १०० मिळवली, तर शिखर सुमारे ३,८०० हर्ट्झवर येते. केबल ३ मीटरची केली तर ५,०००. त्या ६ मीटरवर ६८० पिकोफॅरडचा कपॅसिटर वाढवला तर २,७००. हे आकडे फक्त गिटारपासून पहिल्या पेडलपर्यंतच्या केबलचे. पेडल चालू असले की पुढच्या केबलचा पिकअपवर परिणाम होत नाही.

६८१ लिहिलेला कपॅसिटर क्रोकोडाइल क्लिपने जोडून ऐकला. एकट्या गिटारवर आवाज जाड, भारदस्त वाटला, वादकाला फार आवडला. ऑर्गनवाल्याला सोबत वाजवायला सांगितल्यावर गिटार नाकातून बोलल्यासारखी झाली आणि टोचणे वाढले, कारण शिखर ऑर्गनच्या सगळ्यात गजबजलेल्या उपस्वरांच्या वर येऊन बसले. क्लिप काढली. डाग देऊन बसलो असतो तर पाटी पुन्हा उघडावी लागली असती, म्हणून अशा वस्तू आधी क्लिपने लावूनच ऐकाव्यात, आणि सोबत दुसरे वाद्य चालू ठेवून.

तारा, पिक, आणि ऑर्गनशी सूर

तारा बदलल्या. ९–४२ ऐवजी १०–४६, निकेलचा मुलामा दिलेल्या. जाड तार पिकअपसमोर जास्त लोखंड हलवते, मूळ सूर थोडा भरतो. पण एकूण ताण सुमारे ३८ किलोवरून ४६ किलोवर जातो. ट्रेमोलो ब्रिजची (दांड्याने हलणाऱ्या ब्रिजची) शेपटी उचलली गेली, ती मागच्या स्प्रिंगांच्या पंज्याचे दोन स्क्रू सारखे आवळून बसवली, मग नेकचा बाक आणि इंटोनेशन (सगळ्या फ्रेटवर सूर बरोबर यावा यासाठी तारेची लांबी) लावले. तारांची उंची बदलते म्हणून पिकअपची उंचीही पुन्हा मोजावी लागते. खरे तर तारा आधी आणि उंची नंतर, हाच क्रम ठेवावा. इथे उलटा झाला आणि अर्धा तास वाया गेला. नव्या तारा पहिले दोन-तीन तास जास्त चमकतात, त्या वेळी टोन ठरवू नये.

पातळपणावर सगळ्यात स्वस्त उपाय हाताचा निघाला. वादक ब्रिजला खेटून, पातळ पिकच्या टोकाने वाजवत होता. पिकअप ब्रिजजवळ आणि ठोकाही ब्रिजजवळ, म्हणजे दोन्हीकडून मूळ सूर कमी. १ मिलिमीटरचा, गोलसर कडेचा पिक घेऊन ठोका मधल्या आणि नेक पिकअपच्या मध्ये आणला. तोच ब्रिज पिकअप, पण सुराला अंग आले. तोडक्या कॉर्डसाठी हात पुन्हा मागे, एकट्याच्या तुकड्यासाठी पुढे, हे ठरवून घेतले.

आणि सूर. गिटार ऑर्गनच्या काळी एकच्या पट्टीला लावलेली, पण साधारण २० सेंट वर होती (अर्ध्या सुराचे शंभर सेंट). ४४० हर्ट्झच्या सुरावर २० सेंट म्हणजे ५ हर्ट्झचा फरक, सेकंदाला पाच हेलकावे, ते कोणाला खटकत नाहीत. त्याच सुराच्या तिसऱ्या उपस्वरावर मात्र सेकंदाला पंधरा हेलकावे पडतात आणि कानाला ती खरखर वाटते. ऑर्गनही उपस्वरांनी भरलेला, ब्रिज पिकअपही. नेक पिकअपवर हाच बेसूर लपून जातो. "ब्रिजचा आवाज कडू येतो" या तक्रारीचा थोडा भाग निव्वळ ट्यूनिंगचा होता. झाडीपट्टीत डिसेंबरच्या रात्री मंडपातली थंडी झपाट्याने वाढते, पोलादी तार आखडते आणि सूर चढतो. दुपारी लावलेली गिटार मध्यरात्री तशी राहत नाही. प्रत्येक अंकाआधी ऑर्गनचा एक सूर धरून लावायची, आणि दव पुसायला सुती फडके केसमध्ये ठेवायचे, ही सवय लावली.

गुणगुण आणि अर्थिंग

सिंगल कॉइलला गुणगुण असतेच, आणि मंच उजळवणारे डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारी यंत्रे) सुरू झाले की ती करकरीत होते. स्विचच्या मधल्या दोन जागांवर ती कमी होते का ते पाहावे. मधला पिकअप उलट गुंडाळीचा आणि उलट चुंबकाचा असेल तरच होते, या गिटारीत होत नव्हती. वादकाने बसण्याची दिशा डिमरकडे तिरकी केल्यावर बरीच कमी झाली. आत तांब्याची पट्टी चिकटवण्याचे काम हंगामानंतरसाठी ठेवले.

एक गोष्ट मात्र पुढे ढकलण्यासारखी नव्हती. गिटारच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात. जनरेटरवर अर्थिंग नसेल, किंवा गुणगुण जावी म्हणून कोणी अँपची तिसरी पिन काढली असेल, तर तारांवर हात आणि ओठ माइकला लागताच झटका बसतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. टेस्टर गिटारच्या तारांवर आणि माइकच्या जाळीवर लावून पाहायचा. दिवा जरासा जरी लागला तरी अर्थिंग होईपर्यंत वाजवायचे नाही. इथे जनरेटरचा अर्थ रॉड नुसता मातीवर टेकवलेला होता. तो ओल्या बांधाच्या कडेला खोल ठोकून घेतला, आणि टेस्टरने पुन्हा पाहिले.

रात्री

सुरुवातीची मांडणी: ब्रिज पिकअप, दुसरा टोन ७, व्हॉल्यूम ठेक्याला ७ आणि तुकड्याला १०. व्हॉल्यूम कमी केल्यावर थोडे तीक्ष्ण सूर जातात, एरवी ते टाळायला लोक जादा कपॅसिटर लावतात. ब्रिज पिकअपवर ते जाणेच हवे होते, म्हणून काही लावले नाही. पहिल्या अंकात साउंडवाल्याने गिटारच्या चॅनलवर ३ किलोहर्ट्झला ३ डेसिबल कमी केले, बाकी काही नाही. फेडर (चॅनलच्या आवाजाची सरकती खुंटी) मात्र आधीच्या प्रयोगांपेक्षा वर होता, आणि पुढच्या रांगेतून तक्रार आली नाही. खलनायकाच्या प्रवेशाचे सूर ऑर्गनच्या वर स्वच्छ आले. दुसऱ्या अंकातल्या तुकड्यात टोन ६ वर न्यावा लागला, कारण तिथे ऑर्गन थांबतो आणि गिटार उघडी पडते.

अडचण एकच आली. पहाटे तीनच्या सुमारास ब्रिजवरून नेककडे जाताना स्विच खरखरला. डाग देताना लागलेली उष्णता की आधीपासूनची झीज, हे तेव्हा सांगता येण्यासारखे नव्हते. स्विच दोन-चारदा जोरात हलवल्यावर आवाज आला आणि नाटक पार पडले. दुसऱ्या दिवशी संपर्क साफ करायचा स्प्रे स्विचच्या फटीत मारला. खरखर कमी झाली, पण गेली नाही. होळीनंतर तो डबीचा स्विच काढून उघड्या पट्ट्यांचा बसवायचा आहे. तो जास्त खोल असतो, म्हणून आधी गिटारच्या पोकळीची खोली मोजून ठेवली आहे.